संध्याकाळी सहाची ड्युटी

माझे मामा दौंडला रेल्वेत पॉइंट्समन होते. मनमाडकडून पुण्याला निघालेल्या गाडीचं इंजिन तेव्हा दौंडात काढून दुसऱ्या टोकाला जोडावं लागे, ते काम त्यांचं. सत्तरीनंतर मामा विसरायला लागले. घरात आधी ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून हसले, मग ‘चळ लागला’ म्हणाले. स्मृतिभ्रंश हा शब्द उंबरठ्यातून आत यायला तीन वर्षं गेली. मामी गेल्यावर त्यांना एका वृद्धाश्रमात ठेवलं.

तिथे दिवेलागणीला ते फाटकाशी जाऊन कडी खडखडवायचे. “गाडी आउटरला उभी आहे, सोडा मला!” त्यावर आधी दटावणी झाली, मग झोपेची गोळी सुरू झाली. गोळीने दिवसाही ग्लानी येई, तोल जाई.

मार्ग काढला तो तिथल्या एका मावशींनी. सहा वाजले की त्या म्हणत, “चला मामा, राउंडला.” दोघं व्हरांड्यातल्या प्रत्येक दाराची कडी ओढून बघत. शेवटचं दार झालं की मामा “क्लिअर” म्हणत आणि जेवायला बसत.

मावशींनी पुस्तक वाचलं नव्हतं. पण ब्रिटनमध्ये टॉम किटवुड यांनी 1997 साली पुस्तकात मांडलं ते हेच: आजाराआधी माणूस बघा. तिथल्याच 69 शुश्रूषागृहांतला ‘व्हेल्ड’ हा अभ्यास 2018 साली प्रसिद्ध झाला. कर्मचाऱ्यांना माणूस ओळखून सेवा करायला शिकवलं आणि आठवड्यातून तासभर प्रत्येकाशी त्याच्या आवडीचं काही केलं, तर चिडचिड कमी होते, जगणं सुधारतं, असं त्यात दिसलं. आणि गोळ्यांचं म्हणाल, तर मन भडकू नये म्हणून दिल्या जाणाऱ्या काही औषधांनी अशा वृद्धांत मृत्यूचा धोका वाढतो, हा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2005 सालीच दिला होता.

भारतात साठीपुढच्या सुमारे 7.4 टक्के लोकांना, म्हणजे 88 लाखांच्या आसपास माणसांना, स्मृतिभ्रंश असावा, असा 2023 साली प्रसिद्ध झालेला अंदाज आहे. शहरात 5.3 टक्के, खेड्यात 8.4. तेव्हा हा पुण्यात कोथरूडच्या फ्लॅटमधला आजार आहे, असं शिरूर-दौंडकरांनी समजू नये. ज्येष्ठांसाठीच्या 2007 च्या कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात किमान दीडशे निराधारांची सोय करणाऱ्या वृद्धाश्रमाची तरतूद आहे. पण चौकशीला गेलात की अनेक ठिकाणी पहिला प्रश्न येतो, “स्वतःचं स्वतः करतात ना?” इथेच बरीच घरं परत फिरतात.

अशांना सांभाळायला खर्च फार नाही, लक्ष हवं. पांढऱ्या ताटलीतला दहीभात या माणसांना धड दिसत नाही आणि आपण म्हणतो, जेवत नाहीत. रंगीत ताटली द्या, अनेकदा घास आपोआप उचलला जातो. काळी सतरंजी त्यांच्यातल्या काहींना खड्डा वाटते. संडासाचं दार वेगळ्या रंगाचं असलं तर अर्धी धांदल वाचते. आणि ऐकू येतं का, मोतीबिंदू आहे का, बी-12 आणि थायरॉइड तपासलंय का, हे आधी बघा. ‘विसरतो’ म्हणून आणलेल्या माणसाचं दुखणं कधी कधी तिथेच असतं.

हाताची आठवण डोक्यातल्या आठवणीपेक्षा उशिरा जाते. आयुष्यभर कांदा निवडलेल्या शिरूरच्या आजींपुढे टोपलीभर कांदे ठेवा. शेंगा, लसूण, वाती, काहीही चालेल. रंगवायला मुलांची चित्रं मात्र देऊ नका, त्यांना कळतं. यवत, वरवंड ही तुकोबांच्या पालखीची मुक्कामाची गावं. या पट्ट्यातल्या कितीतरी म्हाताऱ्यांना नातवाचं नाव सापडत नाही, पण टाळ हातात आला की हरिपाठ सुरू होतो. संध्याकाळची बेचैनी तेव्हा पुष्कळदा उतरते. ‘घरी जायचंय’ म्हणणाऱ्याला ‘हेच तुमचं घर’ असं पटवू नये. घरी कोण कोण असतं, गुरं कोण बांधतं, ते विचारावं.

मामांची गोळी डॉक्टरांनी पुढे हळूहळू बंद केली. शेवटच्या भेटीत त्यांनी मला ओळखलं नाही. मी आत आलो तेव्हा माझ्या मागे बघून एवढंच विचारलं, “कडी लावलीस का रे?”