एका दिवसात दोन लढाया: ग्वाल्हेर, 1843

7 फेब्रुवारी 1843 रोजी ग्वाल्हेरचे महाराज जनकोजीराव शिंदे निपुत्रिक वारले. त्यांची कोवळ्या वयाची विधवा ताराबाई हिने आठेक वर्षांचा मुलगा दत्तक घेतला. तेच पुढचे जयाजीराव. आता दरबारातल्या दोन मातब्बरांपैकी कारभार कोणी पाहायचा? ईस्ट इंडिया कंपनीचा गव्हर्नर जनरल एलेनबरो याने मामासाहेबांना पाठिंबा दिला, तर दरबाराचा आणि फौजेचा कल दादा खासगीवाल्यांकडे होता. मामासाहेबांना दूर सारताच इंग्रज रेसिडेंट ग्वाल्हेर सोडून गेला.

खरी भीती मात्र पंजाबची होती. रणजितसिंहांच्या मृत्यूनंतर शीख फौज कोणालाच जुमानत नव्हती. तिच्याशी लढाई जुंपली, तर आग्र्याजवळची शिंद्यांची सुमारे तीस हजारांची फौज पाठीवर नको, असा एलेनबरोचा हिशेब होता. म्हणूनच कंपनीच्या मागणीप्रमाणे दरबाराने दादांना स्वाधीन केल्यावरही कंपनीचे सैन्य थांबले नाही, ते चंबळ ओलांडून आले. माझ्या मते युद्ध अटळ झाले ते इथे. मागणी मान्य करूनही सुटका नाही, हे फौजेला कळून चुकले.

29 डिसेंबरला महाराजपूर आणि पनिहार येथे एकाच दिवशी लढाया झाल्या. शिंद्यांचे गोलंदाज तोफा न सोडता जागच्या जागी मेले. त्या जिंकलेल्या तोफांच्या धातूतून इंग्रजांनी आपल्या सैनिकांसाठी पदके ओतली. जानेवारी 1844 च्या तहाने दरबाराची फौज नऊ हजारांवर आली आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालचे सैन्य, म्हणजे कंटिंजंट, वाढले. तेच कंटिंजंट 1857 मध्ये इंग्रजांवर उलटले.