एकच स्टेशन दोन ठिकाणी!

जुन्या रेडिओचे कोडे आणि ४५५ हा आकडा

१९५२ साली डॉ. बा. वि. केसकर नभोवाणी मंत्री झाले आणि आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली. श्रोत्यांनी मग सरळ रेडिओ सिलोनचा रस्ता धरला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात तेथून ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. बुधवारी रात्री आठच्या सुमारास घरातले कर्ते पुरुष रेडिओवरचा भरतकामाचा रुमाल बाजूला सारत आणि लघुलहरींवर, म्हणजे शॉर्टवेव्हवर, हलक्या हाताने काटा सरकवीत. अमीन सयानी यांचा आवाज लागला की घर शांत होई.

हा काटा सरकवताना अनेक घरांत एक चमत्कार अनुभवाला येई. एखादे जोरदार केंद्र डायलवर एका ठिकाणी लागे, आणि थोडे अलीकडे तेच केंद्र पुन्हा ऐकू येई. ‘‘रेडिओ बिघडला वाटतं!’’ असे म्हणत संच दुरुस्तीला जाई. वास्तविक त्यात बिघाड काहीच नसे. उलट न झालेल्या बिघाडाची दुरुस्ती करताना चांगला संच मात्र बिघडून बसे.

सर्वांचे रुपये करा!

या कोड्याचे मूळ रेडिओच्या रचनेतच आहे. सुरुवातीच्या संचांत प्रत्येक केंद्रासाठी आतली सगळी मंडले नव्याने जुळवावी लागत. १९१८ साली, पहिल्या महायुद्धाच्या काळात, पॅरिसमध्ये असलेले अमेरिकन लष्करी अधिकारी एडविन आर्मस्ट्राँग यांनी वेगळी वाट काढली. परदेशी पाहुण्याच्या खिशात डॉलर असोत की पौंड, आपल्या बाजारात फिरायचे तर आधी त्याचे रुपये करावे लागतात. तसेच कोणतेही केंद्र असो, आत येताच त्याचे एकाच ठरलेल्या कंप्रतेत रूपांतर करायचे आणि पुढचे सारे काम त्याच कंप्रतेवर करायचे. हीच ‘इंटरमीडिएट फ्रिक्वेन्सी’, अर्थात मधली कंप्रता. रेडिओवाले तिला नुसते ‘आय.एफ.’ म्हणतात.

घरगुती संचांत ती बहुधा ४५५ किलोहर्ट्झ किंवा त्याच्या जवळपास असते. (पूर्वी किलोहर्ट्झला किलोसायकल म्हणत.) संचाच्या आत एक छोटा जनक असतो. आपण काटा ११,९०० वर नेला की तो १२,३५५ किलोहर्ट्झची लहर तयार करतो. दोन्ही लहरी एकमेकींत मिसळतात आणि त्यांच्यातला फरक, म्हणजे ४५५, पुढे जातो.

आरशातले केंद्र

गोम इथेच आहे. समजा, काटा खाली १०,९९० वर आणला. आता जनकाची लहर ११,४४५ झाली. पण ११,९०० वरचे आपले केंद्र काही हवेतून नाहीसे झालेले नाही. ११,९०० वजा ११,४४५ किती? पुन्हा ४५५च! तेव्हा तेच केंद्र या दुसऱ्या दारानेही आत शिरते. तंत्रज्ञ याला ‘इमेज’, म्हणजे प्रतिबिंब म्हणतात. खऱ्या आणि खोट्या जागेतले अंतर नेहमी ४५५ च्या दुप्पट, म्हणजे ९१० किलोहर्ट्झ असते.

मग मुंबई किंवा पुणे केंद्र दोनदा का लागत नाही? मध्यमलहरींवर ९१० हे अंतर फार मोठे आहे. ६०० वर काटा असताना प्रतिबिंबाची जागा येते १,५१० वर. एवढ्या दूरची लहर प्रवेशद्वारावरचे मंडलच अडवते. पण १५,००० च्या आसपास ९१० म्हणजे जेमतेम सहा टक्के. तिथे साध्या संचाच्या पहारेकऱ्याला दोघांतला फरक नीट कळत नाही.

मग आय.एफ. वाढवली तर? प्रतिबिंब दूर पळते खरे. पण मग जवळजवळची केंद्रे वेगळी करणे कठीण जाते. लघुलहरींवर दोन केंद्रांत बहुधा पाचच किलोहर्ट्झचे अंतर असते. म्हणजे एका दुखण्यावरचे औषध दुसरे दुखणे वाढवते. महागड्या संचांनी यावर दोनदा किंवा तीनदा रूपांतर करण्याचा उपाय काढला: आधी मोठी कंप्रता, मग छोटी. अमेरिकेच्या हॅमरलंड एसपी-६०० मध्ये लघुलहरींच्या वरच्या पट्ट्यांवर दोनदा रूपांतर होई. ब्रिटनच्या रॅकल आरए-१७ ची पहिली आय.एफ. तर ४० मेगाहर्ट्झ होती. घरगुती रेडिओला हा खर्च परवडणारा नव्हता. त्याने एकाच आकड्यावर संसार केला.

पेचकस दूर ठेवा

आजही कित्येक घरांत आजोबांचा व्हॉल्व्हचा रेडिओ माळ्यावर आहे. लघुलहरींवरची बरीच केंद्रे बंद झाली असली, तरी असा संच पुन्हा बोलता झाला की घरातल्या वृद्धांचा चेहरा उजळतो. म्हणून काही गोष्टी ध्यानात ठेवायला हव्यात.

एकच केंद्र दोन ठिकाणी लागले तर दोन्ही जागांतले अंतर पाहावे. ते एक मेगाहर्ट्झपेक्षा किंचित कमी असेल तर काळजी नको. आवाज जिथे जास्त खणखणीत, ती बहुधा खरी जागा.

आतल्या ॲल्युमिनियमच्या चौकोनी डब्या म्हणजे ‘आयएफटी’. त्यांचे स्क्रू ‘‘जरा घट्ट करून बघू’’ म्हणून कधीही फिरवू नयेत. ते मळसूत्र नव्हे. ४५५ वर जुळवलेले सूर आहेत. एकदा ढळले की सगळीच केंद्रे क्षीण होतात आणि सिग्नल जनरेटर असलेला जाणकारच ते पुन्हा जुळवू शकतो. संच क्षीण झाला असेल तर दोष बहुधा थकलेल्या व्हॉल्व्हचा किंवा जुन्या कंडेन्सरचा असतो.

वर्षानुवर्षे बंद असलेला संच एकदम विजेला जोडू नये, मागचा पुठ्ठाही उघडू नये. काही संचांत ट्रान्सफॉर्मर नसतो आणि धातूच्या सांगाड्यातच वीज खेळते. प्लग काढल्यावरही कंडेन्सर झटका देऊ शकतो. आधी तो जाणत्या माणसाला दाखवावा आणि त्याला बजावून सांगावे, ‘‘आयएफटीला हात लावण्याआधी बाकीचे सगळे तपासा.’’ आजोबांचा रेडिओ वाचवायला एवढे एक वाक्य पुष्कळदा पुरेसे ठरते.