कटि-अनुकंपी तंत्रिकारोध

पायांतील रक्तवाहिन्यांचे आकुंचन घडवून आणणाऱ्या अनुकंपी तंत्रिकांमधील (मज्जातंतूंमधील) आवेगवहन औषधाच्या अंतःक्षेपणाने थांबविण्याच्या क्रियेस ‘कटि-अनुकंपी तंत्रिकारोध’ म्हणतात. पावलांचा रक्तपुरवठा अपुरा पडून विश्रांतीच्या वेळीही वेदना होत असल्यास किंवा त्वचेवरील व्रण भरून येत नसल्यास काही निवडक रुग्णांत ही क्रिया करतात.

मानेतील अनुकंपी तंत्रिका छेदल्यास सशाचा त्या बाजूचा कान उबदार होतो, हे क्लोद बेर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १८५१-५२ च्या सुमारास दाखविले. पुढे १९२०–३० या दशकात पायांच्या विकारांसाठी कटिभागातील तंत्रिका शस्त्रक्रियेने छेदण्यात येऊ लागल्या. अंतःक्षेपणाची पद्धत त्याहून सौम्य असून अशक्त व वृद्ध रुग्णांसही बहुधा सोसवते.

अनुकंपी तंत्रिकांच्या गुच्छिका कटिकशेरुकांच्या (कमरेच्या मणक्यांच्या) पुढील बाजूस कडेला असतात. क्ष-किरणांच्या साहाय्याने सुई दुसऱ्या ते चौथ्या कशेरुकालगत नेऊन प्रथम लिग्नोकेनासारखे स्थानिक संवेदनाहारक देतात. पाऊल उबदार व कोरडे झाले आणि वेदना शमली, तर दीर्घकालीन परिणामासाठी फिनॉल वापरतात. त्याचा परिणाम बहुधा काही महिने टिकतो.

या क्रियेने मुख्यतः त्वचेतील रक्तप्रवाह वाढतो, स्नायूंतील नव्हे. म्हणून चालताना पोटरीत उद्‌भवणारी वेदना सहसा कमी होत नाही. कठीण झालेली किंवा बुजलेली रोहिणी तंत्रिकारोधाने मोकळी होत नाही. मधुमेहात या तंत्रिका आधीच निकामी झालेल्या असल्यास लाभ अल्प असतो. अंगच्छेदन टळते, असेही निश्चितपणे सिद्ध झालेले नाही. त्यामुळे रोहिणीतील अडथळा फुग्याने किंवा उपमार्ग-शस्त्रक्रियेने दूर करणे शक्य असल्यास त्यासच अग्रक्रम देतात.

रक्तदाब उतरणे, मांडीत दाहयुक्त वेदना होणे, रक्तस्राव व क्वचित मूत्रवाहिनीस इजा हे संभाव्य उपद्रव होत. दोन्ही बाजूंस रोध केल्यास पुरुषांत वीर्यस्खलनात बाधा येऊ शकते.

विडी, सिगारेट वा तंबाखूचे सेवन करणाऱ्या तरुण पुरुषांत प्रामुख्याने आढळणारा बर्गर रोग भारतात दुर्मिळ नाही. लिओ बर्गर यांनी १९०८ मध्ये त्याचे सविस्तर वर्णन केले. या रोगात तंत्रिकारोधाने वेदना शमली, तरी तंबाखू चालू राहिल्यास रोग वाढतच जातो व कोथ (ऊतकांचा मृत्यू) होऊन पाय गमवावा लागण्याचा धोका राहतो. म्हणून तंबाखूचा पूर्ण त्याग हाच या रोगावरील मुख्य उपचार होय.