नाताळचा बॅले आणि जाळीच्या झग्याची गोष्ट



डिसेंबर उजाडला की वेम्बलीतल्या मराठी घरांत दोन विषय हमखास निघतात. यंदा सुट्टीत भारतात कोण कोण चाललंय, आणि मुलांना 'नटक्रॅकर' बॅले दाखवायला न्यायचं का? वेम्बली सेंट्रलहून बेकरलू लाइनने चेअरिंग क्रॉसला उतरलं की कोलिझियम थिएटर अगदी जवळ. खेळ बघून घरी आलं की लेकीचा हट्ट ठरलेला, "आई, मला तसाच जाळीचा फ्रॉक हवा!" हा जाळीचा फ्रॉक आला कुठून, त्याची गोष्ट आज सांगते. ती जितकी सुंदर आहे तितकीच काळजाला चटका लावणारीही आहे.

आधी एक गैरसमज दूर करू. 'नटक्रॅकर' ही व्हिक्टोरिया राणीच्या काळातली इंग्लिश प्रथा आहे असं पुष्कळांना वाटतं. प्रत्यक्षात तो १८९२ साली रशियात, सेंट पीटर्सबर्गला पहिल्यांदा झाला. लंडनला संपूर्ण स्वरूपात आला तो १९३४ साली, म्हणजे राणी जाऊन तेहेतीस वर्षं झाल्यावर!

मग व्हिक्टोरियन लंडनकर नाताळात काय बघत? पँटोमाइम. बॉक्सिंग डेला, म्हणजे २६ डिसेंबरला, ड्रुरी लेनसारख्या थिएटरांत नवा खेळ लागायचा. त्यात विनोद, गाणी आणि बॅले असं सगळंच असे. डोळ्यांचं पारणं फिटावं असा देखावा बदलायचा आणि पऱ्यांच्या वेषातल्या मुली अधांतरी तरंगताना दिसायच्या. खरं तर त्या लोखंडी चौकटींना बांधलेल्या असत, आणि खाली-बाजूला गॅसचे दिवे जळत असत.

लेस्टर स्क्वेअरमधलं अल्हाम्ब्रा थिएटर तर बॅलेसाठीच प्रसिद्ध होतं. राणीच्या कारकिर्दीला साठ वर्षं झाली तेव्हा, १८९७ साली, तिथे 'व्हिक्टोरिया अँड मेरी इंग्लंड' हा बॅले झाला. संगीत आर्थर सलिव्हन यांचं, आणि त्यात जुन्या काळच्या नाताळाचा एक प्रवेशही होता. ते थिएटर १९३६ साली पाडलं. आज त्या जागी ओडियन सिनेमा आहे. आपण तिथे सिनेमे बघितले असतील, पण पायाखाली केवढा इतिहास आहे याची कल्पना नसते!

आता कपड्यांकडे वळू. १८३२ साली पॅरिसमध्ये मारी ताग्लिओनी हिने 'ला सिल्फीद' या बॅलेत परीची भूमिका केली. घंटेच्या आकाराचा पांढराशुभ्र तलम झगा, उघडे खांदे, केसांत फुलं, पायांत साटनच्या सपाता. तिने सगळ्यांना वेड लावलं. व्हिक्टोरिया तेव्हा बारा-तेरा वर्षांची राजकन्या होती. तिच्याकडे १३२ लाकडी बाहुल्या होत्या, आणि त्यांतल्या कित्येकींना तिने व तिच्या शिक्षिकेने ऑपेरा-बॅलेतल्या कलावंतांसारखे कपडे शिवले होते. त्यात ताग्लिओनीही होती!

बालगंधर्व रंगभूमीवर जशी साडी नेसत, जसा गजरा माळत, तसंच करायची हौस आपल्याकडच्या बायकांना लागली होती, हे आजीकडून ऐकलं असेल. इथेही तसंच झालं. समारंभाच्या झग्यांना मलमल, टार्लटन आणि जाळीचे थरावर थर आले. जॉन हीथकोट यांनी १८०८-०९ मध्ये जाळी विणणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं होतं. त्यामुळे पूर्वी हाताने विणलेली महागडी जाळी आता मध्यमवर्गालाही परवडू लागली. १८४४ साली लंडनला पोल्का नाचाचं वेड लागलं, तेव्हा गिरकी घेताना फुलणारा झगा हवाच झाला. पुढे गेटी थिएटरच्या नर्तकींनी झग्याचा घोळ हातात धरून नाचायला सुरुवात केली. ते 'स्कर्ट डान्सिंग' घराघरांतल्या मुली शिकू लागल्या, आणि बारीक चुण्यांच्या झग्यांची फॅशन आली.

पण तलम कापडाचे थर, त्यांच्यामध्ये खेळणारी हवा आणि जवळ उघडी ज्योत. पुढे काय होणार हे सांगायला नको. १४ डिसेंबर १८४४ रोजी, नाताळ अगदी तोंडावर असताना, ड्रुरी लेनच्या रंगमंचावर क्लारा वेब्स्टर या तरुण नर्तकीचा झगा दिव्यावर पेटला. तिसऱ्या दिवशी ती गेली.

यावर उपाय नव्हता असं नाही. १८५९ साली वर्समान आणि ओपनहाइम या रसायनतज्ज्ञांनी दाखवून दिलं, की सोडियम टंगस्टेटमध्ये भिजवलेली मलमल भडकत नाही. पॅरिसमध्येही कपडे अशाच द्रावणात भिजवायची पद्धत निघाली होती. पण त्याने झगा ताठ आणि मळकट दिसतो म्हणून नर्तकींना तो नको असे. ताग्लिओनीची लाडकी शिष्या एमा लिव्री हिनेही नकार दिला. नोव्हेंबर १८६२ मध्ये तालमीत तिचा झगा गॅसच्या दिव्यावर पेटला, आणि आठ महिने यातना सोसून ती गेली. तिचं वय फक्त वीस होतं.

रंगमंचावरची फॅशन घरात आली तसा हा धोकाही घरात आला. लेखक ऑस्कर वाइल्ड यांच्या दोन सावत्र बहिणी १८७१ साली आयर्लंडमध्ये एका घरगुती नाचाच्या समारंभात अशाच भाजून गेल्या. एकीचा झगा पेटला, दुसरी तिला वाचवायला धावली.

हे सगळं सणाच्या दिवसांत का सांगतेय? कारण आपल्या मुली आजही तेच घालतात. दिवाळीला ईलिंग रोडवरून किंवा भारतातून आणलेला जाळीचा घागरा, नाताळात परीचा फ्रॉक. जवळ पणत्या नाहीतर मेणबत्त्या असतातच. इथे मुलांच्या रात्रीच्या कपड्यांसाठी १९८५ चे कडक नियम आहेत, पण परीचे किंवा सांताचे वेष खेळण्यांच्या नियमांत मोडतात, आणि ते तेवढे कडक नाहीत. शिवाय आजची जाळी बहुतेक नायलॉनची किंवा पॉलिएस्टरची. ती वितळून कातडीला चिकटते.

म्हणून चार साध्या गोष्टी. जाळीच्या आत अंगभर सुती कपडे घाला. ओढणी पिन लावून बसवा. मुलं नाचणार असतील तिथे बॅटरीच्या पणत्या लावा. आणि मुलांना आत्ताच शिकवून ठेवा: कपडे पेटले तर पळायचं नाही; थांबायचं, आडवं व्हायचं, लोळायचं.

मग खुशाल घेऊन द्या लेकीला तो फ्रॉक! तिने गिरकी घेतली की तिला क्लाराची आणि एमाची गोष्टही सांगा.

सर्वांना नाताळच्या आणि नववर्षाच्या हार्दिक शुभेच्छा!