पिग्मीवाल्याचा तगादा

रत्नागिरीच्या मिरकरवाड्यात कोळणीच्या हाताचं पाणी सुकायच्या आत पिग्मीवाला हजर. ओली नोट, पावती, पुढची पाटी. पिग्मीची, म्हणजे रोजच्या छोट्या बचतीची, ही योजना 1928 साली उडुपीत, पुढे सिंडिकेट बँक झालेल्या बँकेने सुरू केली, रोज दोन आण्यांपासून. व्याज बेताचं, मुदतीआधी मोडली तर वर कापाकापी. तरी माणसं भरतात, कारण हातातल्या पैशाला पाय फुटतात! अडवलेला पैसा साचतो, हे दिसलंही आहे: फिलिपिन्समध्ये एका बँकेने काही ग्राहकांना वेगळं खातं देऊ केलं: स्वतः ठरवलेली तारीख वा रक्कम गाठेपर्यंत पैसे काढायचे नाहीत. साधारण चौघांतल्या एकानेच ते घेतलं. तरी वर्षभरात, ज्यांना ते देऊ केलं त्या अख्ख्या गटाच्या सरासरी शिलकेतली वाढ इतरांपेक्षा सुमारे 81 टक्केबिंदूंनी जास्त होती. मिरकरवाड्याला तारीख सरकारच देतं: जून-जुलैत यांत्रिक बोटींची मासेमारी बंद. आणि मागोमाग गणपती येतातच.