काहीच बदललं नाही, तर लिहायचं कशाला?

बँकेकडे असलेला आपला पत्ता बरोबर आहे ना, एवढंच पाहायला आपण अर्ज उघडतो आणि काहीही न बदलता ‘सेव्ह’ दाबतो. आपल्या लेखी काही घडलेलं नसतं. पण पलीकडची प्रणाली नीट लिहिलेली नसेल, तर ती जुन्या पत्त्यावर तोच पत्ता पुन्हा लिहून ठेवते.

हे लिहिणं फुकट नसतं. पोस्टग्रेस या डेटाबेसला अपडेटचा आदेश मिळाला की मजकूर तोच असला तरी त्या ओळीची नवी प्रत तयार होते. जुनी प्रत तशीच पडून राहते आणि पुढे ‘व्हॅक्यूम’ला ती साफ करावी लागते. त्या तक्त्यावर ट्रिगर बसवलेले असतील तर तेही चालतात, आणि ‘शेवटचा बदल’ या रकान्यात आजची तारीख पडते. हा शेवटचा तोटा मला सर्वांत गंभीर वाटतो. जागा साफ करता येते. न झालेल्या बदलाची नोंद मात्र कायम राहते आणि हिशेब तपासणाऱ्याची दिशाभूल करते.

म्हणून आधी ताडून पाहायचं. जावात वापरली जाणारी हायबरनेट ही प्रणाली नोंद वाचतानाच मूळ मजकुराची प्रत बाजूला ठेवते आणि लिहायच्या वेळी एकेक रकाना तिच्याशी जुळवते. फरक नसेल तर आदेश जातच नाही. प्रोग्रामर याला ‘डर्टी चेकिंग’ म्हणतात.

मात्र आपल्या नोंदीत बदल आहे, एवढं कळून भागत नाही. आपण अर्ज उघडून बसलो असताना दुसऱ्या कोणी तीच नोंद बदलली असेल तर? त्यासाठी नोंदीसोबत आवृत्तीचा क्रमांक ठेवतात. वाचताना 7 होता, लिहिताना 8 दिसला, तर लिहिणं नाकारायचं. नोंद अडवून न ठेवता शेवटी पडताळणी करण्याचा हा विचार कुंग आणि रॉबिन्सन यांनी 1981 मध्ये मांडला होता.

खरी कसोटी लागते ती ‘तेच’ कशाला म्हणायचं इथे. जावाच्या बिगडेसिमलमध्ये ‘इक्वल्स’ने ताडले तर 10.0 आणि 10.00 वेगळे ठरतात. एसक्यूएलमध्ये नलची नलशी बरोबरी तपासली तर उत्तर ना हो येतं, ना नाही. आणि मराठीत ‘कऱ्हाड’ घ्या. त्यातला ऱ युनिकोडमध्ये एका चिन्हाने लिहिता येतो, किंवा र आणि नुक्ता अशा दोन चिन्हांनी. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण यंत्र म्हणतं, गाव बदललं! एनएफसी हे प्रमाणीकरण केलं की ही दोन रूपं एक होतात. साध्या र-ला हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह लावून लिहिलेलं तिसरं रूप मात्र त्यातूनही निसटतं. त्यासाठी वेगळा नियम लिहावाच लागतो.

मराठी नावं आणि पत्ते साठवणाऱ्या प्रत्येक प्रणालीत तो नियम पहिल्या दिवसापासून असायला हवा. प्रणाली लिहिणाऱ्यांनी तो लिहावा, आणि विकत घेणाऱ्यांनी तो आहे का, हे विचारावं.