एका बोंडातली शाळा

दोस्तांनो, कापसाचं एक बोंड हातात घ्या. वाशीम जिल्ह्यातल्या मंगरूळपीरच्या मुलांना त्यासाठी लांब जावं लागणार नाही. आता रुईला घट्ट चिकटलेली सरकी बोटांनी सोडवून पाहा. एक सुटली, दुसरी सुटली... बोटं दुखली ना? अर्ध्या तासात किती रुई निघेल, सांगा बरं!

हाच उद्योग सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या शिकागो शहरात काही मुलं करत होती. तोही शाळेच्या तासाला! अर्धा तास खपूनही त्यांच्या हाती एक औंस, म्हणजे जेमतेम २८ ग्रॅमसुद्धा रुई आली नाही. पण एक कोडं सुटलं. सरकी काढायचं यंत्र नव्हतं तेव्हा त्यांचे पूर्वज सुती कपड्यांपेक्षा लोकरीचे कपडे जास्त का वापरत, हे त्यांना काही पाठ न करता उमगलं.

ही शाळा १८९६ साली सुरू केली जॉन ड्युई यांनी. तिथे मुलं विणकाम करत, सुतारकाम करत, स्वयंपाकही करत. आणि त्यातूनच इतिहास, गणित, विज्ञान शिकत. ड्युई होते तत्त्वज्ञ. त्यांच्या विचाराला मराठीत ‘फलप्रामाण्यवाद’ म्हणतात. नाव भारदस्त आहे, पण घाबरू नका! एखादा विचार नुसता ऐकून मान डोलवायची नाही. तो कृतीत उतरवायचा, काय फळ येतं ते बघायचं आणि मग त्याची पारख करायची. एवढंच.

आता एक प्रश्न. परीक्षा जवळ आली की शाळेत सर्वांत आधी कोणता तास जातो? बरोबर, चित्रकलेचा! जणू काही सौंदर्य म्हणजे जेवणानंतरची बडीशेप. मिळाली तर मिळाली. ड्युईंना हे मान्य नव्हतं. १९३४ साली त्यांनी कलेवर ‘आर्ट ॲज एक्स्पीरियन्स’ नावाचा मोठा ग्रंथ लिहिला. त्यांचं म्हणणं असं, की कला फक्त संग्रहालयाच्या भिंतीवर नसते. ती रोजच्या जगण्यातून उगवते. आपल्याकडचा पोळाच आठवा ना. बैलाला न्हाऊ घालणं, शिंगं रंगवणं, पाठीवर झूल चढवणं. ते करताना शेतकरीदादाचे हात, डोळे आणि मन एकाच ठिकाणी असतं. काम आणि आनंद वेगळे राहत नाहीत. असं समरस होऊन केलेलं काम म्हणजे कलेचा अनुभव, आणि शिक्षणही तसंच असावं!

तुम्ही म्हणाल, या अमेरिकन गुरुजींशी आपला काय संबंध? अहो, फार जवळचा आहे. १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन एक तरुण न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेला. ड्युई तेव्हा तिथे शिकवत होते. तो तरुण म्हणजे आपले डॉ. बाबासाहेब आंबेडकर!

साताऱ्याच्या शाळेत लहानग्या भीमरावाला घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळं बसावं लागे. तहान लागली तरी नळाला हात लावायची बंदी. शिपायानं तोटी उघडली तरच पाणी, नाही तर तहानलेलंच राहायचं. आणि ड्युईंचं सांगणं काय होतं? लोकशाही म्हणजे केवळ मतदान नव्हे. एकमेकांच्या अनुभवात वाटेकरी होऊन जगणं. गोणपाटावर बसलेल्या मुलाला हे किती खोल भिडलं असेल!

१९५२ च्या जूनमध्ये कोलंबियानं बाबासाहेबांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. त्यासाठी ते न्यूयॉर्कला निघाले तेव्हा गुरूंना भेटण्याची त्यांना ओढ होती. पण १ जूनला, वयाच्या ९२ व्या वर्षी ड्युई वारले. भेट राहूनच गेली.

गुरुशिष्यांचं हे नातं उलगडण्यासाठी टेक्सास विद्यापीठातले प्राध्यापक स्कॉट स्ट्राउड यांनी बरीच मेहनत घेतली. आधी त्यांनी ड्युईंच्या कलाविचारावर २०११ साली पुस्तक लिहिलं. हातातल्या कामाकडे पूर्ण लक्ष दिलं तर साधं कामही कलापूर्ण होतं, हा त्याचा गाभा. पुढे त्यांनी बाबासाहेबांच्या संग्रहातली ड्युईंची पुस्तकं अभ्यासली. त्यासाठी मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयातला संग्रहही पाहिला. कोणत्या ओळीखाली रेघ ओढली आहे, कुठे खूण केली आहे, हे बारकाईनं टिपलं. त्यावरून बाबासाहेबांनी गुरूंकडून काय घेतलं आणि काय बदलून आपलंसं केलं, हे त्यांनी २०२३ च्या पुस्तकात मांडलं. पाहा, पेन्सिलीची एक रेघही किती बोलते!

तर मग या रविवारी बोंड घेऊन बसा. पण एकट्यानं नको हं! ज्याच्याशी कधी बोलला नाहीत अशा वर्गातल्या एकाला बोलवा. अर्धा तास दोघं मिळून सरकी काढा, रुईची वात वळा, रुई तोलून वहीत आकडा लिहा. आणि आईबाबांनो, तुम्हीही त्या वेळी ‘अभ्यास सोडून हे काय?’ असं म्हणू नका बरं. हाही अभ्यासच आहे.